पाडलेल्या घराचं भाडं

सुनंदा केळकर यांना त्यांच्याच कचेरीने फसवलं. त्यांची पद्धत वापरायला घेतली आणि त्यांच्या नावावर खोटेपणाचा शेरा तसाच ठेवला. बाई गेल्या तेव्हाही तो पुसलेला नव्हता. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण स्मृतिलेखात अशा गोष्टी शेवटी, जरा आवाज खाली घेऊन, 'असो' म्हणून सोडून द्यायच्या असतात असं मला दोघातिघांनी सुचवलं. मी जागांची दलाली करतो. आमच्या धंद्यात आकडा आधी सांगतात, चहा मागून येतो.

बातमी आली तेव्हा मी वाघोलीत एका अर्धवट बांधकामावर उभा होतो. समोर गिऱ्हाईक होतं, दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी घासाघीस चालली होती. बाईंच्या भाच्याचा फोन आला, "काका, मावशी सकाळी गेली." मी फोन खिशात टाकला. गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, मग शेवटचं किती म्हणता?" त्याला मी काय म्हणालो ते पेपरच्या या पुरवणीत छापता येणार नाही. तो सौदा मोडला. मोडू दे... दोन दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या, 'निवृत्त सरकारी कर्मचारी सुनंदा केळकर यांचे अल्प आजाराने निधन.' सरकारी कर्मचारी! पोस्टात शिक्के मारणाराही सरकारी कर्मचारीच असतो. या बाईने पंचवीस-तीस वर्षं नेमकं काय केलं, हे सांगायला चार ओळी पुरत नाहीत. मला पुरवणीवाल्यांनी जागा दिली आहे. मी ती पुरेपूर वापरणार आहे.

महागाई किती वाढली याचा आकडा आपण दर महिन्याला पेपरात वाचतो आणि पान उलटतो. त्या आकड्यावर कारखान्यातल्या कामगाराचा महागाई भत्ता ठरतो, निवृत्त माणसाची पेन्शन ठरते, पगारवाढीच्या बोलण्यांत दोन्ही बाजू तोच आकडा एकमेकांच्या तोंडावर मारतात. तो आकडा आभाळातून पडत नाही. कोणीतरी मंडईत जाऊन वांग्यांचा भाव लिहून आणतं, कोणी कापडाचा, कोणी चप्पलांचा. घरभाडं लिहून आणायचं काम सुनंदाबाईंकडे होतं. शहरातली काही घरं एकदा निवडून ठेवलेली असत, आणि दर सहा महिन्यांनी त्याच घरांत जाऊन तोच प्रश्न विचारायचा, आता भाडं किती? ऐकायला सोपं वाटतं. पुण्यात अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून त्याला भाडं विचारून बघा.

माझी त्यांची ओळख अशाच एका दारावरून झाली. मी तेव्हा नारायण पेठेत एका इमारतीच्या जिन्याखाली टेबल टाकून बसत असे. वाघोलीतून आलो तेव्हा मॅट्रिक नापास होतो, ओळखीचं कोणी नव्हतं, होती फक्त जीभ. त्या जिभेवर मी ऑफिस उभं केलं, पुढे शटर आलं, पाटी आली. पण तेव्हा जिनाच होता. एके दुपारी पस्तिशीच्या एक बाई आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर हिशेबात चूक सापडल्यासारखा भाव. म्हणाल्या, "मागच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीचं भाडं काय आहे?"

"घ्यायची आहे का?"

"नाही. मोजायची आहे."

मला वाटलं, महापालिकेची बाई नवीन कर घेऊन आली. म्हटलं, "पावतीवर अठरा रुपये आहेत, तेच लिहा आणि निघा." त्या समोरच्या स्टुलावर बसल्या. "तुम्ही दलाली एक महिन्याच्या भाड्याएवढी घेता ना? या खोलीची अठरा रुपये घेतलीत?" मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो. "मग तुमच्या दलालीवरून खरं भाडं मला काढता येईल. आकडा तुम्ही सांगता, की मी अंदाज करू?" त्या काळात माझ्याशी घासाघीस करून जिंकलेला माणूस पुण्यात विरळा होता. मी आकडा सांगितला. त्यांनी लिहून घेतला, नाव कुठेही येणार नाही असं बजावलं आणि चहा विचारला तर "माहिती देणाऱ्याचा चहा घेत नाही" म्हणून निघून गेल्या. सहा महिन्यांनी परत हजर.

पुढे त्या येतच राहिल्या. मी त्यांना खरे आकडे सांगत असे, आणि बदल्यात मला काय? काही नाही! मी विचारायचो, "बाई, सदाशिवात सध्या काय भाव चाललाय?" त्या म्हणायच्या, "ते गुप्त असतं." एकतर्फी सौदा मी आयुष्यात दुसऱ्या कोणाशी केलेला नाही. पण त्यांच्याबरोबर पेठांमधून हिंडायला मला आवडायचं. ज्या घरांत मला दलाल म्हणून उंबऱ्यावर थांबवत, तिथे त्यांच्यामागून मला आत जायला मिळायचं, हे एक कारण. दुसरं म्हणजे त्यांची रीत बघण्यासारखी होती. भाड्याने राहणाऱ्यांना भाडं विचारायचं असतंच, पण राहणीमानाची पाहणी निघाली की स्वतःच्या घरात राहणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारावा लागतो, हे घर भाड्याने दिलंत तर किती येईल? शनिवार पेठेतल्या एका निवृत्त मास्तरांना बाईंनी तो विचारला.

मास्तर म्हणाले, "देणार नाही."

"समजा दिलंत."

"समजणार नाही."

"अहो, फक्त अंदाज हवाय."

"अंदाज केला की माणसं यायला लागतात. हे तुमच्यामागे उभे आहेत ते कोण?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "बरं, तुमचं राहू दे. शेजारचं घर दिलं तर काय येईल?" मास्तर लगेच खुलले. शेजारच्या घरात ओल आहे, संडास लांब आहे, मालक तापट आहे, तिथे दोनशे रुपयेसुद्धा येणार नाहीत. "आणि त्याच्या मानाने तुमचं?" मास्तर म्हणाले, "त्याच्या दुप्पट दिल्याशिवाय मी कुत्रंसुद्धा बांधू देणार नाही." झालं काम! मग बाई शेजाऱ्याकडे गेल्या आणि त्याला मास्तरांच्या घराबद्दल विचारलं. दोन घरांमध्ये एकच भिंत होती आणि दोघांच्या आकड्यांत जमीन-अस्मान. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "पुण्यात माणूस स्वतःच्या घराबद्दल खोटं बोलेल, शेजाऱ्याच्या घराबद्दलही खोटं बोलेल. पण दोन्ही खोट्यांची दिशा ठरलेली असते, सोपानराव. दिशा कळली की मोजता येतं." सोपानराव म्हणजे मी. मला 'राव' लावणाऱ्या त्या पहिल्या, आणि त्यात थट्टा किती नि मान किती ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. निवडलेल्या घराला कुलूप असलं तर कागदावर 'बंद' लिहायचं आणि मागचाच आकडा पुढे ओढायचा, अशी कचेरीत रीत होती. एखाद्या वेळेला ठीक आहे. माणसं गावाला जातात. पण नारायण पेठेतली ती अठरा रुपयांची इमारत पाडली गेली. ती पाडायच्या व्यवहारात मीच होतो, त्यामुळे मला पक्कं माहीत आहे. तिथे खाली दुकानं आणि वर कार्यालयं आली. सुनंदाबाईंकडे मधली काही वर्षं दुसरा विभाग होता. परत आल्या आणि मागचे कागद बघितले, तर त्या इमारतीतल्या सगळ्या खोल्या 'बंद'. भाडं बाईंनीच शेवटी लिहून नेलेलं, जसं होतं तसं. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, माणसं कधीच पांगली होती, आणि तरी त्या खोल्या सरकारला दर सहा महिन्यांनी सांगत होत्या की पुण्यात घरभाडं वाढलेलं नाही! बाई माझ्या ऑफिसात येऊन हसायला लागल्या. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "या खोल्यांमधली माणसं गेली कुठे?"

कुठे जाणार? जिथे मी पाठवली तिथे. नगर रस्त्याने पुढे पुढे, आणि शेवटी माझ्या गावाला, वाघोलीला. तिकडे तेव्हा शेतकऱ्यांनी बांधावर पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा काढायला सुरुवात केली होती. माझ्या चुलतभावानेही काढली होती. मी म्हटलं, "चला, दाखवतो." बाई माझ्या स्कूटरवर मागे बसून आल्या. चुलतभाऊ रांगेसमोर खाट टाकून बसला होता. बाईंनी विचारलं, "या खोल्यांमध्ये भाडेकरू किती?"

"भाडेकरू? एक बी न्हाई, बाई. समदं पाव्हणं हाइत."

रांगेतून मराठवाड्याची, बिहारची, कर्नाटकातली माणसं बाहेर येऊन बघत होती. बाईंनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा भावाकडे. "पाहुणे बरेच लांबून आलेत."

"आमचं गणगोत मोठं हाय."

हा खोटेपणा एकट्याचा नव्हता, सगळ्या गावाची तीच रीत होती. बांधकामाला परवानगी नसायची, भाड्याची पावती दिली तर ग्रामपंचायतीचा कर आला, म्हणून वाघोलीत भाडेकरू नावाचा माणूस राहतच नसे. सगळे पाहुणे! बाई भावाशी वाद घालत बसल्या नाहीत. पलीकडे नळापाशी एक बाई रिकामी कळशी घेऊन उभी होती, तिच्याकडे गेल्या. "पाणी येतं का हो इथे?"

"कुठलं येतंय, ताई. टँकर येतो. वर्गणी काढतो आम्ही."

"पाहुण्यांकडून पाण्याची वर्गणी घेतात?"

ती बाई हसली आणि मग सगळं सांगितलं, भाडं, डिपॉझिट, टँकर, आणि दर अकरा महिन्यांनी होणारी वाढ. वाढ मान्य नसेल तर खोली सोडायची. मीही शेजारी उभं राहून पडताळून दिलं, कारण त्या रांगेतली निम्मी माणसं मीच आणून बसवली होती. भावाने माझ्याशी पुढे वर्षभर बोलणं टाकलं. "घरचाच मानूस सरकारला फितूर," असं तो गावभर सांगत होता.

परत येताना बाई एक गोष्ट बोलल्या ती माझ्या डोक्यात बसली. पेठेतल्या खोलीच्या भाड्यात नळाचं पाणी होतं. इथे खोलीला भाडं वेगळं आणि पाण्याला पैसे वेगळे. मग कामगाराच्या घराचा खर्च मोजताना नुसतं खोलीचं भाडं लिहिलं तर ती त्याची फसवणूक आहे. पाण्याशिवायची खोली आणि पाण्यासकटची खोली यांना एकच नाव आहे, पण त्या एक नाहीत. मी चाळीस वर्षं जागा विकल्या, मला हे कधी सुचलं नव्हतं. मला नुसतं एवढं माहीत होतं की टँकर वेगळा लावला की भाडं कमी दिसतं आणि गिऱ्हाईक लवकर हो म्हणतं.

बाईंनी पाडलेली घरं यादीतून काढावीत आणि वाघोलीसारख्या ठिकाणच्या खोल्या घ्याव्यात असं वर कळवलं. त्यांचे साहेब हुशार होते, मूर्ख नव्हते, हे मी कबूल करतो. त्यांनी विचारलं, "पेठेतल्या खोलीच्या जागी वाघोलीची खोली ठेवली आणि भाडं वाढलं म्हटलं, तर ती महागाई झाली का? कांद्याच्या जागी बटाटा ठेवून भाव वाढला म्हणता येत नाही." बाईंनाही ते आधीच माहीत होतं. म्हणून त्या त्याच खोल्यांमध्ये पुन्हा गेल्या, मग पुन्हा गेल्या, रजेच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने. वाघोलीच्या खोलीची तुलना वाघोलीच्या त्याच खोलीशी. टँकर धरून. आणि त्याच खोलीचं, त्याच पत्र्याखालचं भाडं सरळ चढत होतं. आता बोला! साहेब म्हणाले, "पावत्या आणा." पाहुण्यांच्या पावत्या कुठून आणायच्या? बाई म्हणाल्या, "ज्याने हे व्यवहार केले तो माणूस समोर येऊन सांगायला तयार आहे."

तो माणूस मी. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी मी कधी घाबरलो नाही, पण त्या दिवशी मला वाटत होतं की आपण काहीतरी चांगलं करायला चाललोय, आणि त्यामुळे जरा घाबरलो होतो. साहेबांनी मला बसा म्हटलं नाही.

"आपण काय करता?"

"जागांचे व्यवहार."

"म्हणजे दलाल."

"म्हणजे दलाल," मी म्हटलं.

साहेब बाईंकडे वळून, मी तिथे नसल्यासारखे बोलले, "केळकरबाई, दलालाचा शब्द आपण आकडा म्हणून घ्यायचा? यांचा धंदाच भाडं चढवण्याचा."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "साहेब, मी निदान उभ्या घराचं भाडं सांगतोय. तुम्ही इतकी वर्षं पाडलेल्या घराचं लिहिताय!" आवाज चढला होता, बाहेरचे कारकून दारात जमले. साहेबांनी घंटी वाजवली. बाईंनी मला हाताला धरून जिन्यापर्यंत आणलं. म्हणाल्या, "ओरडू नका, सोपानराव. तुमचं ओरडणं ते टिपून घेतील, भाडं टिपून घेणार नाहीत." तसंच झालं. त्यांच्या गोपनीय अहवालात त्या वर्षी शेरा पडला की त्यांना 'आकडे फुगवण्याची सवय' आहे आणि त्या 'बाहेरच्या व्यक्तींच्या प्रभावाखाली' काम करतात. फिरतीचं काम काढून घेतलं आणि त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. पुण्याच्या भाड्याची नाडी जिला कळत होती ती बाई आलेल्या पाकिटांवर नंबर घालत बसली.

त्या वर्षीचा राहणीमानाचा अहवाल आला तेव्हा बाईंनी तो मला घरी बोलावून वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की कामगार कुटुंबांवरचा घरखर्चाचा बोजा कमी झाला आहे. पगार वाढले, भाडं स्थिर... म्हणजे राहणीमान सुधारलं! मी म्हटलं, "बाई, हे खोटं आहे असं पेपरात द्या. मी देतो." त्या म्हणाल्या, "खोटं नाहीये हो. बेरीज बरोबर आहे. ज्या घरात कोणी राहत नाही, त्या घरात राहणाऱ्यांचं राहणीमान खरंच सुधारलंय." आणि अहवाल मिटून भात टाकायला उठल्या. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. मी असतो तर टेबल उलथवलं असतं. त्यांनी तसं काही केलं नाही, पण त्यांनी सोडलंही नाही. शेरा काढावा म्हणून अर्ज केला. मग दुसरा. उत्तर एकच यायचं, 'प्रकरण विचाराधीन आहे.' मी विचारायचो, "काय झालं?" त्या म्हणायच्या, "विचार चाललाय. तिथे विचार करायची सवय नाही, म्हणून वेळ लागतो."

पुढे आकड्यांची नवीन मालिका आली. घरांची यादी नव्याने केली. पाडलेली घरं गळाली, नगर रस्त्याकडच्या खोल्या आल्या, एका खोलीची तुलना त्याच खोलीशी, बंद घराला मागचा आकडा ओढायचा नाही, पाण्याचा खर्च वेगळा विचारायचा. सगळं बाईंचं! त्यांच्या जुन्या टेबलावरच्या सहकाऱ्याने स्वतः येऊन सांगितलं. कुठे नाव नाही. नाव नको होतं त्यांना. त्या म्हणाल्या, "पद्धत बरोबर ठरली, म्हणजे माझे आकडेही बरोबर ठरले. आता तरी शेरा काढतील." त्या निवृत्त होईपर्यंत वाट बघत होत्या. निवृत्त झाल्यावरही वाट बघत होत्या.

त्यांची स्वतःची भाड्याची खोलीही इमारतीसकट पाडली गेली, आणि मी त्यांना वाघोलीत एक बेडरूमचा फ्लॅट बघून दिला. मालक माझा तोच चुलतभाऊ, आता पांढऱ्या गाडीतून हिंडणारा. मी त्याला दम देऊन भाडं कमी करून घेतलं. बाईंना महिन्याभरात कळलं. शेजारणीला विचारलं असणार, दुसरं काय! मला फोन, "ताबडतोब या." गेलो. "शेजारच्या एवढ्याच फ्लॅटला जास्त भाडं आहे. मला कमी का?"

"बाई, ओळखीत थोडंफार होतं."

"ओळखीचं भाडं हे भाडं नव्हे. उद्या पाहणीवाला माझ्या दारात आला तर मी काय सांगू? माझ्यामुळे वाघोली स्वस्त दिसेल!"

चुलतभाऊ मागे उभा होता. तो म्हणाला, "बाई, समजा तुमी आमचं पाव्हणं हाय." बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जिना उतरून गेला. आयुष्यभर भाव पाडण्यात किंवा चढवण्यात गेलेला मी, त्या दिवशी जास्त पैसे देऊ बघणाऱ्या बाईशी कमी घेण्यासाठी भांडत होतो, आणि हरलो. त्या बाजारभावाने राहिल्या. टँकरचे पैसे वेगळे भरत राहिल्या. आणि महागाईच्या ज्या निर्देशांकात एकेकाळी त्यांच्या खोल्या घेतल्या नव्हत्या, त्याच निर्देशांकाने ठरलेल्या पेन्शनमधून भरत राहिल्या. याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. बोलतोय तो मी.

शेवटचं भेटलो ते याच फ्लॅटमध्ये. अंथरुणावर होत्या, आवाज बारीक झाला होता. मी इकडचं तिकडचं बोलत होतो, कुठल्या टॉवरमध्ये काय भाव चाललाय वगैरे. त्या ऐकत होत्या, मधेच एखादा आकडा दुरुस्त करत होत्या. मग म्हणाल्या, "सोपानराव, माझ्या भाच्याला वाटतं मला नोकरीत काहीतरी गडबडीमुळे बाजूला केलं होतं. तो विचारत नाही, पण त्याला तसं वाटतं." मी म्हटलं, "मी सांगतो त्याला." त्या म्हणाल्या, "तुम्ही दलाल. कचेरीने सांगायला हवं..." आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

मग शोकसभा झाली. कचेरीच्या निवृत्त लोकांनी एका छोट्या हॉलमध्ये ठेवली होती. साहेब आले होते. आता वय झालंय, काठी आहे, मफलर आहे. त्यांना बोलायला सांगितलं तर छान बोलले. म्हणाले, "केळकरबाई म्हणजे अचूकतेचं दुसरं नाव. त्यांनी आणलेल्या आकड्यावर मी डोळे मिटून सही करत असे." लोकांनी माना हलवल्या. बाईंचा भाचा पहिल्या रांगेत बसला होता. तो कधी साहेबांकडे बघत होता, कधी माझ्याकडे. मी उभा राहिलो. "साहेब, मग तो शेरा कोणी लिहिला?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि ओळखल्याचं दाखवलं नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "कृपया... ही ती वेळ नाही." मागून कोणीतरी माझा शर्ट ओढला. एकाने "बसा हो" म्हटलं, एकाने "कोण आहे हा?" विचारलं, आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचा पुकारा झाला. मीही उभा राहिलो. बाईंसाठी राहिलो. पण ही ती वेळ नाही, तर कोणती? त्या कचेरीत होत्या तेव्हा वेळ नव्हती, निवृत्त झाल्या तेव्हा नव्हती, आजारी पडल्या तेव्हा नव्हती. आता माणूसच नाही, तरी वेळ नाही?

साहेब, तुमचं नाव मी लिहिलेलं नाही. तुम्ही हे वाचाल आणि तुम्हाला कळेल. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर जे बसले त्यांनाही कळेल, कारण अर्ज अजून त्यांच्याकडेच आहे. मला भरपाई नको, सत्कार नको, बाईंच्या नावाचा पुरस्कार तर अजिबात नको. त्या फुगवून आकडे आणत होत्या असं कागदावर लिहिलेलं आहे. त्यांच्या आकड्यांवर तुम्ही डोळे मिटून सही करत होतात असं तुम्ही शंभर माणसांसमोर बोलला आहात. दोन्ही खरं असू शकत नाही. शेरा खोटा होता, की भाषण खोटं होतं? त्यांच्या भाच्याला सही-शिक्क्यानिशी लेखी कळवा. मी दलाल आहे, माझा शब्द तुम्हाला चालत नाही. तुमचा द्या.